तारेच्या संशोधनाचे लेखाशीर्ष परत द्या: उच्च क्षेत्राच्या चुंबकांना निधी देणाऱ्या समित्यांना खुले पत्र

प्रति,
उच्च क्षेत्राच्या अतिसंवाहक चुंबकांच्या प्रकल्पांचे नियोजन व निधीवाटप करणाऱ्या समित्यांचे सन्माननीय अध्यक्ष आणि सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

पुढील टप्प्याच्या अंदाजपत्रकातून अतिसंवाहक तारेच्या संशोधनाचे स्वतंत्र लेखाशीर्ष काढून टाकण्याचा आणि ती रक्कम साहित्य खरेदीच्या शीर्षाखाली वर्ग करण्याचा निर्णय आपल्यापैकी एका समितीने घेतला आहे, आणि इतर समित्यांमध्येही तशीच चर्चा चालू असल्याचे दिसते. निर्णयामागचे कारण थोडक्यात असे सांगितले जाते की तार आता परिपक्व झाली आहे, ती निविदा काढून विकत घेता येते, तेव्हा उरलेला पैसा आणि मनुष्यबळ चुंबकाच्या रचनेकडे वळवावे. अंतर्गत बैठकीत या कारणाला उत्तर देण्याची संधी आम्हाला मिळाली नाही. शिवाय हा पैसा सार्वजनिक आहे आणि परिणाम पुढची कित्येक वर्षे टिकणारे आहेत. म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

माझा संबंध आधी सांगते. मी धातुशास्त्राची अभ्यासक आहे. नायोबियम-टिन या अतिसंवाहक संयुगाची तार ओढणे, ती भट्टीत भाजणे, द्रव हेलियममध्ये बुडवून तिच्यातून प्रवाह सोडून पाहणे आणि मग तिचा छेद घासून सूक्ष्मदर्शकाखाली ती कुठे चुकली हे शोधणे, यातच माझी नोकरी गेली आहे. लेखाशीर्ष गेले म्हणून माझे पोट अडणार नाही. परंतु तार ओढण्याचे यंत्र चालवणारे तंत्रज्ञ आणि भट्टीचे वेळापत्रक अनुभवाने जाणणारे सहकारी एकदा पांगले की त्यांचे हातचे ज्ञान कोणत्याही अहवालात सापडत नाही. हे मी एका जुन्या प्रयोगशाळेच्या बाबतीत पाहिले आहे आणि दुसऱ्यांदा गप्प राहून पाहण्याची माझी तयारी नाही.

वाचकांसाठी मूळ प्रश्न थोडा उलगडून सांगते, कारण त्याशिवाय माझ्या तक्रारींना अर्थ उरणार नाही. अतिसंवाहक पदार्थ वीज विनारोध वाहून नेतो, हे 1911 मध्ये हाइके कामरलिंग ओनेस यांनी पाऱ्यावर दाखवून दिले. पण साध्या चुंबकीय क्षेत्रातच तो गुण मावळतो, हेही लवकरच लक्षात आले. आज आपण ज्या पदार्थांचे चुंबक बांधतो ते निराळ्या वर्गातले आहेत. त्यांच्यात क्षेत्र बारीक बारीक भोवऱ्यांच्या रूपाने आत शिरते आणि प्रत्येक भोवऱ्यात 2.07 × 10⁻¹⁵ वेबर एवढाच, ठरलेला चुंबकीय प्रवाह असतो. तारेतून वीज वाहू लागली की हे भोवरे बाजूला ढकलले जातात. ते सरकले तर उष्णता निर्माण होते, आणि उष्णता वाढली की अतिसंवाहकता नाहीशी होते. म्हणजे तार किती वीज नेईल हे त्या भोवऱ्यांना जागच्या जागी खिळवून ठेवण्याच्या तिच्या ताकदीवर ठरते, आणि ही ताकद पदार्थाच्या रासायनिक सूत्रातून आपोआप येत नाही. ती घडवावी लागते.

16 टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) क्षेत्रात शेजारशेजारच्या दोन भोवऱ्यांतले अंतर साधारण 12 नॅनोमीटर असते. नायोबियम-टिनमध्ये भोवरे खिळतात ते मुख्यतः स्फटिककणांच्या सीमांवर, आणि आजच्या उत्तम व्यापारी तारेतला स्फटिककण 100 ते 150 नॅनोमीटरचा असतो. म्हणजे एका कणाच्या पोटात भोवऱ्यांच्या कितीतरी रांगा मावतात आणि त्यांतल्या बहुतेकांना धरायला सीमा हाताशी नसते. ते शेजाऱ्यांच्या आधाराने कसेबसे टिकून राहतात. क्षेत्र वाढत जाते तसतसा हा आधार कोसळतो. उच्च क्षेत्राच्या चुंबकाची खरी मर्यादा या 12 आणि 100 च्या दरम्यानच्या दरीत आहे. चुंबकाची रचना कितीही चतुराईने केली तरी ही दरी रचनेने भरून निघत नाही.

माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार यातूनच निघते: तार परिपक्व झाल्याचे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. नायोबियम-टिनच्या तारेची क्रांतिक प्रवाहघनता (अतिसंवाहकता न गमावता छेदाच्या दर एककातून नेता येणारा कमाल प्रवाह), तांब्याचा भाग वगळून, 4.2 केल्व्हिन (द्रव हेलियमचे तापमान) आणि 12 टेस्लाला प्रति चौरस मिलिमीटर 3000 अँपिअरच्या आसपास पोहोचली ती या शतकाच्या पहिल्या काही वर्षांतच. त्यानंतर कारखान्यातून मोठ्या प्रमाणावर येणाऱ्या तारेत हा आकडा फारसा हललेला नाही. पुढच्या पिढीच्या वर्तुळाकार कण-त्वरकाच्या आखणीत ठेवलेले लक्ष्य आहे 16 टेस्लाला 1500 अँपिअर; आज विकत मिळणारी चांगली तार त्या क्षेत्राला 1000 ते 1200 च्या घरात असते. हा फरक भरून काढायचा तर तेवढी जास्त तार गुंडाळावी लागते. मग गुंडाळी जाड होते, तिच्यात साठणारी ऊर्जा वाढते, तिला दाबून धरणारा पोलादी सांगाडा वाढतो आणि खर्च तारेच्या किमतीपेक्षा कितीतरी वेगाने चढतो. संशोधनाच्या शीर्षातून वाचवलेला पैसा खरेदीच्या शीर्षात कित्येक पटींनी परत मोजावा लागेल, एवढे गणित तरी आपल्या लेखापालांनी मांडून पाहावे.

ही दरी भरता येते असे म्हणायला आधार आहे. 1961 मध्ये बेल प्रयोगशाळेत कुन्झलर आणि सहकाऱ्यांनी नायोबियम-टिनमधून 8.8 टेस्लाच्या क्षेत्रात प्रति चौरस सेंटिमीटर 1,00,000 अँपिअरहून अधिक प्रवाह नेऊन दाखवला, तेव्हा आजच्या अर्थाने जिला तार म्हणावे अशी वस्तू अस्तित्वात नव्हती. नायोबियम-टायटॅनियमचे उदाहरण तर आपल्या निर्णयाला सरळ उत्तर देणारे आहे. टेव्हाट्रॉन या अमेरिकी कण-त्वरकाच्या काळातील तार 5 टेस्ला आणि 4.2 केल्व्हिनला सुमारे 1800 अँपिअर प्रति चौरस मिलिमीटर नेत असे. त्यानंतर आखलेल्या अमेरिकी महात्वरकासाठी 2750 ची अट घातली गेली आणि ती पूर्णही झाली. मिश्रधातू तोच होता. फरक पडला तो आधी मिश्रधातू अधिक एकजिनसी ओतल्यामुळे, मग ओढणे आणि भाजणे यांचा क्रम बदलल्यामुळे. भाजताना टायटॅनियमचे अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात आणि नंतरच्या ओढकामात ते एखाद-दोन नॅनोमीटर जाडीच्या पापुद्र्यांत पसरतात. त्यांच्यातले अंतर भोवऱ्यांच्या मापाशी जुळवण्याची कला धातुशास्त्रज्ञांनी आणि कारखान्यांनी मिळून साधली. तो महात्वरक 1993 मध्ये अमेरिकी संसदेने रद्द केला. पण ती कला वाया गेली नाही. जिनिव्हाजवळच्या एलएचसी या कण-त्वरकामधले 1232 द्विध्रुवी चुंबक 1.9 केल्व्हिनला 8.33 टेस्लाच्या आखणीने बांधले गेले, त्यांच्या तारेमागे हीच पुण्याई आहे. रद्द झालेल्या प्रकल्पाच्या तारेने दुसरा प्रकल्प उभा राहिला, कारण तारेचे काम कोणा एका चुंबकाच्या खरेदीला बांधलेले नव्हते.

नायोबियम-टिनमध्येही हेच घडले. वर सांगितलेला 3000 चा आकडा आला तो अमेरिकी ऊर्जा विभागाने 1990 च्या दशकाच्या अखेरीस खास तारेसाठी सुरू केलेल्या, आकाराने माफक पण चिकाटीने चालवलेल्या कार्यक्रमातून. कारखाना, विद्यापीठ आणि चुंबक बांधणारी प्रयोगशाळा यांना त्या कार्यक्रमाने एकत्र बसवले. एलएचसीच्या वाढीव तीव्रतेच्या टप्प्यासाठी 11 टेस्लाहून अधिक शिखरक्षेत्राचे चतुर्ध्रुवी चुंबक आज बांधले जात आहेत ते त्याच तारेच्या वंशातले.

पुढची पायरीही प्रयोगशाळेत दिसू लागली आहे. नायोबियममध्ये थोडे झिर्कोनियम मिसळायचे, तारेच्या पोटात टिन ऑक्साइडच्या रूपाने ऑक्सिजनची शिदोरी ठेवायची आणि भाजताना झिर्कोनियम ऑक्साइडचे सूक्ष्म कण आतल्या आत तयार होऊ द्यायचे, ही ती पद्धत. हे कण स्फटिकांची वाढ रोखतात, आणि मग स्फटिककण 50 नॅनोमीटरच्या आसपास किंवा त्याहून लहान राहतात. शिवाय ऑक्साइडचे कण स्वतःही भोवऱ्यांना खिळवतात. दुसऱ्या एका वाटेवर हाफ्नियम आणि टँटलम मिसळलेला नायोबियम वापरून, बाहेरचा ऑक्सिजन न देताही स्फटिककण बारीक ठेवता येतात, असे 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास ऑक्साइडच्या वाटेने केलेल्या प्रायोगिक तारांनी 16 टेस्लाचे लक्ष्य गाठल्याचेही नोंदले गेले. पण या तारा लांबीने थोड्या आहेत आणि त्यांच्यातले उपगाभे, म्हणजे तारेच्या आतले अतिसंवाहक गाभे, अजून हवे तेवढे बारीक नाहीत. प्रयोगशाळेतल्या काही मीटरपासून कारखान्यातल्या काही किलोमीटरपर्यंतचे अंतर कापण्याची वेळ आली आहे, आणि नेमक्या याच क्षणी आपण लेखाशीर्ष बंद करीत आहात. या निर्णयातले मला सर्वांत न उमगणारे तेच आहे.

दुसरी तक्रार मोजमापाची आहे. आपल्या निविदांमध्ये तारेचा दर्जा एका आकड्यात बसवण्याकडे कल वाढतो आहे: अमुक क्षेत्राला अमुक प्रवाहघनता. खरेदी विभागाला हे सोयीचे वाटते, हे मी समजू शकते. परंतु तो एक आकडा वाढवणे कारखान्याला फार अवघड नसते. जास्त वेळ भाजा, टिनला नायोबियमच्या कडेपर्यंत पोहोचू द्या, प्रवाहघनता वाढेल. मात्र त्याच वेळी टिन बाहेरच्या पातळ अडथळ्यातून झिरपून भोवतालच्या तांब्यात शिरतो आणि तांब्याची थंडीतली वाहकता कोसळते. हे तांबे केवळ आवरण नसते. तारेचा एखादा ठिपका तापला तर प्रवाहाला क्षणभर वाट देऊन चुंबक वाचवणारे तेच असते. म्हणून वाढीव तीव्रतेच्या एलएचसीसाठीच्या तारेत खोलीच्या तापमानाचा आणि अतिथंड अवस्थेचा रोध यांचे गुणोत्तर किमान 150 असावे, अशी अट आहे.

उपगाभ्यांच्या जाडीचेही तसेच. आजच्या उत्तम तारेत, 0.85 मिलिमीटर व्यासाला, उपगाभा 50 मायक्रोमीटरहून थोडा अधिक असतो. एवढ्या जाड गाभ्यात क्षेत्र कमी असताना प्रवाह इतका दाटतो की भोवऱ्यांचा थवाच्या थवा एकदम घसरतो आणि चुंबकाचे व्होल्टमापक उड्या मारू लागतात. त्याशिवाय गाभ्यात अडकलेल्या चुंबकनामुळे त्वरकाला हवी तशी क्षेत्राची शुद्धता राहत नाही. जाडी 20 मायक्रोमीटरवर आणायचे लक्ष्य पुढच्या त्वरकासाठी ठेवलेले आहे. पण जाडी कमी केली की अडथळ्याची भिंत पातळ होते, टिन लवकर झिरपतो आणि पुन्हा पहिल्या अडचणीपाशी येऊन थांबावे लागते. प्रवाहघनता, तांब्याची शुद्धता आणि गाभ्याची जाडी या तिन्ही गोष्टी एकमेकींच्या पायात पाय घालतात. त्यांची एकत्र सोडवणूक निविदेच्या अटींनी होत नसते, त्याला संशोधनच लागते. भाजण्याच्या सुरुवातीच्या, कमी तापमानाच्या टप्प्यावर तांबे आणि टिन कसे मिसळतात हे नीट समजून घेतल्यामुळे, तारेची घडण न बदलता केवळ वेळापत्रक बदलून, बारीक गाभ्याच्या तारेची प्रवाहघनता वाढवता आल्याचे 2018 च्या सुमारास दाखवले गेले. अशी गोष्ट कोणत्याही खरेदी आदेशातून निघाली नसती.

तिसरी तक्रार तपासणीच्या पद्धतीची. आपण तार तपासतो ती सुटी, सरळ, लाडाने हाताळलेली, एका ठोकळ्यावर गुंडाळून 4.2 केल्व्हिनला. चुंबकात मात्र तीच तार वीस-चाळीस बहिणींबरोबर पिळून चपट्या केबलमध्ये दाबलेली असते, कडेला तिचा आकारच बदललेला असतो, मग ती साधारण 650 ते 700 अंश सेल्सिअसला भाजून काचेसारखी ठिसूळ झालेली असते आणि शेवटी प्रचंड दाबाखाली जाते. 8.33 टेस्लाला चुंबकीय दाब सुमारे 28 मेगापास्कल असतो, 16 टेस्लाला तो 100 च्या पुढे जातो आणि 20 टेस्लाला जवळपास 160 होतो. म्हणजे क्षेत्र दुप्पट झाले की दाब चौपट होतो, आणि नायोबियम-टिन सोसू शकणारा ताण त्याच प्रदेशात संपतो. या पदार्थाच्या तंतूंना टक्क्याच्या काही दशांशांएवढी ओढही तडे पाडायला पुरते.

एकेकट्या तारेच्या चाचणीवर विसंबल्याने काय होते याचे सार्वजनिक उदाहरण इटर या आंतरराष्ट्रीय अणुसंलयन प्रकल्पाने दिले आहे. त्याच्या मध्यवर्ती सोलेनॉइडसाठीच्या केबलचे नमुने स्वित्झर्लंडमधील सुल्तान या चाचणी-केंद्रात वारंवार भार देऊन तपासले गेले तेव्हा, तार अटींमध्ये बसत असतानाही, केबलची कामगिरी भाराच्या प्रत्येक फेरीगणिक घसरत गेली. उपाय सापडला तो केबलच्या पिळात. पिळाची लांबी कमी केल्यावर तारांना एकमेकींचा घट्ट आधार मिळाला आणि घसरण थांबली. हा धडा वेळेवर मिळाला, कारण तपासणी केबलच्या स्वरूपात, भार देऊन केलेली होती. एलएचसीसाठी बांधलेल्या 11 टेस्लाच्या नायोबियम-टिन द्विध्रुवी चुंबकांतही थंड-गरम करण्याच्या फेऱ्यांनंतर कामगिरी घसरल्याचे दिसले आणि त्यांची उभारणी पुढे ढकलावी लागली. चुंबक बांधणाऱ्यांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. राळेला जाणारे तडे, गुंडाळीचे सरकणे, पहिल्यावहिल्या क्वेंचांची (अतिसंवाहकता अचानक नाहीशी होण्याच्या प्रसंगांची) मालिका हे त्यांचे प्रश्न तितकेच खरे आहेत आणि त्यांनाही पैसा हवा. पण तारेची आणि चुंबकाची माणसे दोन वेगळ्या लेखाशीर्षांच्या कुंपणांआड बसवली, आणि त्यांतले एक कुंपण खरेदी विभागाचे असले, तर हे प्रश्न कोणाच्याच टेबलावर राहत नाहीत.

चौथी तक्रार उत्पादनाच्या सातत्याची आहे. इटर सुरू होण्यापूर्वी जगात नायोबियम-टिनची तार वर्षाला सुमारे 15 टन बनत असे. त्या प्रकल्पाच्या मागणीमुळे ती वर्षाला 100 टनांपर्यंत नेली गेली. मागणी संपली की अशा ओळी थंड पडतात. कारखान्याचा यात दोष नाही, कोणी गिऱ्हाईक नसताना कोणताही कारखाना बिलेट, म्हणजे तार ओढण्यासाठीचा जाड ठोकळा, ओतत बसणार नाही. परंतु दहा वर्षांनी पुन्हा मोठी मागणी आली की आपण नव्याने दर्जा प्रमाणित करायला बसतो, पहिल्या खेपा तुटतात, लांबीत असमानता येते, आणि आपल्याच वेळापत्रकात त्याची नोंद पुरवठादाराचा विलंब म्हणून होते. दरवर्षी थोडी पण निश्चित खरेदी करणे हे एकदम मोठी खरेदी करण्यापेक्षा स्वस्त पडते की नाही, याचा हिशेब आपल्याकडे नक्कीच मांडता येईल. तो मांडून जाहीर करावा.

पाचवी तक्रार उच्च तापमानाच्या, म्हणजे तुलनेने कमी थंडीतही काम देणाऱ्या, अतिसंवाहकांविषयी आहे, आणि येथे मला जरा सावध बोलावे लागेल, कारण या पदार्थांविषयी मलाही आदर आहे. नायोबियम-टिनवर आता पैसा कशाला, पुढचे युग या पदार्थांच्या चपट्या टेपचे आहे, असा युक्तिवाद आपल्या चर्चेत ऐकू येतो. दुर्मीळ मृदा धातूंच्या टेपने मोठी झेप घेतली यात शंका नाही. अमेरिकेतील टॅलाहासीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत 2017 च्या डिसेंबरमध्ये पूर्ण अतिसंवाहक चुंबकाने 32 टेस्ला गाठले. 2019 मध्ये एका छोट्या गुंडाळीने रोधक चुंबकाच्या 31.1 टेस्लात 14.4 ची भर घालून 45.5 टेस्ला दाखवले. 2021 च्या सप्टेंबरमध्ये संलयनासाठीच्या मोठ्या नमुना-चुंबकाने 20 टेस्ला गाठले. 28.2 टेस्लाचे 1.2 गिगाहर्ट्झ एनएमआर (रेणूंची रचना तपासणारे) यंत्रही याच टेपच्या जोरावर उभे आहे. पण त्या 45.5 टेस्लाच्या गुंडाळीची टेप नंतर उलगडून पाहिली तेव्हा ती जागोजागी इजा झालेली होती, आणि त्याचे एक प्रमुख कारण टेपच्या रुंदीत आपोआप उमटणारे आवरण-प्रवाह (बाहेरचे क्षेत्र अडवणारे प्रवाह) व त्यांनी लादलेला ताण हे होते. काही मिलिमीटर रुंदीच्या, एक-दोन मायक्रोमीटरच्या अतिसंवाहक थराच्या या टेपमध्ये सबंध रुंदी हाच एक तंतू असतो. संलयनाच्या यंत्राला ते परवडेल, पण क्षेत्राची दहा हजारांत एक अंशाच्या आसपास शुद्धता मागणाऱ्या त्वरकाच्या चुंबकाला सहज परवडणार नाही.

बिस्मथ-2212 या उच्च तापमानाच्या अतिसंवाहकाची तार गोल असते, अनेक तंतूंची असते आणि तिला दिशेचे वावडे नसते. त्यामुळे तिच्याकडून मला अधिक आशा आहे. तिच्या तंतूंत वितळताना वायूचे बुडबुडे जमतात आणि प्रवाहाची वाट अडवतात, हे कळल्यावर ती 50 ते 100 बारच्या दाबाखाली भाजण्याची युक्ती सापडली आणि तिची क्षमता कित्येक पटींनी वाढली. मात्र त्यासाठी संपूर्ण गुंडाळी सुमारे 890 अंशांना, एखाद-दोन अंशांच्या आत, ऑक्सिजनमध्ये आणि उच्च दाबाखाली धरणारी भट्टी लागते. अशा भट्ट्या जगात मोजक्याच आहेत. तिला चांदीचे आवरण लागते आणि चांदी ताणाला नरम असते. हे प्रश्न सुटण्यासारखे आहेत, पण त्यांनाही तारेच्याच लेखाशीर्षातून पैसा लागणार आहे. एका पदार्थाचे नाव पुढे करून दुसऱ्याचा निधी काढायचा आणि शेवटी दोघांचाही खरेदीत वर्ग करायचा, याला धोरण म्हणता येत नाही. 20 टेस्लाच्या चुंबकात बाहेरच्या थरांना नायोबियम-टिन आणि आतल्या थरांना उच्च तापमानाचा पदार्थ अशी संकरित मांडणीच बहुतेक आराखड्यांत दिसते. तेथे दोन्ही तारा एकाच चुंबकात नांदायच्या आहेत.

एक लहान तक्रार आणखी आहे. फसलेल्या बिलेटांची माहिती कोठेच प्रसिद्ध होत नाही. ओढताना तार किती वेळा आणि कोणत्या व्यासाला तुटली, तुटलेल्या टोकात काय सापडले, हे गोपनीयतेच्या कलमाखाली पुरले जाते, आणि दुसऱ्या गटाचे विद्यार्थी तीच तार त्याच जागी पुन्हा तोडतात. सार्वजनिक पैशातून ओतलेल्या बिलेटाला हे कलम का लागू व्हावे, याचे उत्तर मला आजवर मिळालेले नाही.

आता माझ्या मागण्या. तारेच्या संशोधनाचे स्वतंत्र लेखाशीर्ष पूर्ववत करावे आणि त्याची मुदत एका चुंबकाच्या वेळापत्रकाशी न बांधता किमान दहा वर्षांची ठेवावी. चुंबकाचा खर्च वाढला म्हणून या शीर्षातून उसनवारी करता येणार नाही, अशी अट त्यात लिहावी. तारेचा दर्जा ठरवताना 16 टेस्लाची प्रवाहघनता, तांब्याची शुद्धता, गाभ्याची जाडी आणि सबंध लांबीतली समानता यांची एकत्र अट असावी, आणि स्वीकृतीची चाचणी सुट्या तारेबरोबरच केबल करून, आडवा दाब देऊन आणि थंड-गरम फेऱ्या करून घ्यावी. अशा चाचण्यांची उच्च क्षेत्राची केंद्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. त्यांतला ठरावीक वेळ तारेच्या गटांसाठी राखून ठेवावा, म्हणजे एका नमुन्यासाठी महिनोन्‌महिने रांगेत उभे राहावे लागणार नाही. ऑक्साइडच्या कणांनी किंवा हाफ्नियमने घडवलेल्या नव्या तारांची किलोमीटरभर लांबीची खेप किमान दोन वेगवेगळ्या उत्पादकांकडून करून घेण्यासाठी वेगळी तरतूद करावी, आणि त्यानंतर दरवर्षी थोडी पण नियमित खरेदी चालू ठेवावी. सार्वजनिक निधीतून झालेल्या प्रत्येक बिलेटाचा अहवाल, ते यशस्वी असो वा फसलेले, ठरावीक मुदतीनंतर खुला करावा. उत्पादकाच्या खऱ्या व्यापारी गुपितांना त्यातून वगळायला माझी हरकत नाही.

मी मागते आहे ती रक्कम चुंबकाच्या एकूण खर्चाच्या तुलनेत लहान आहे. तरीही पैसा मर्यादितच असेल आणि यांतले सर्व एकदम शक्य नसेल, तर लेखाशीर्ष आणि केबलच्या स्वरूपातली चाचणी या दोन गोष्टींना प्राधान्य द्यावे. बाकीच्यांवर चर्चेला आम्ही तयार आहोत, आणि चुंबकाच्या रचनेवर काम करणारे सहकारीही त्या चर्चेत असावेत, अशी माझी विनंती आहे.

पुढील टप्प्याच्या निविदा निघण्यापूर्वी या मागण्यांना मुद्देनिहाय लेखी उत्तर मिळावे. तार परिपक्व झाल्याचा निष्कर्ष ज्या मोजमापांवर बेतला आहे तीही उत्तरासोबत प्रसिद्ध करावीत.

आपली,
अतिसंवाहक तारांवर काम करणारी एक धातुशास्त्रज्ञ